पिवळं पडू द्यायचं होतं

“कसं हाय?” अण्णांनी विचारलं. दोन्ही हात कमरेवर, टोपी मागं सरकवलेली. पाहुण्यांना नवी सून दाखवावी, तशा थाटात ते मला माझंच सोयाबीन दाखवत होते.

सोयाबीन देखणं होतं यात शंका नाही. हिरवंकंच, दाट, पानं तळहाताएवढी. बांधापलीकडचं किशनरावांचं रान त्याच्यापुढं आजारी वाटत होतं. शेजाऱ्याचं रान आपल्यापेक्षा फिकं दिसतंय हे सुख चाकूर तालुक्यात काय असतं, ते मी सांगायला नको. मला मात्र बांधावर पाय ठेवताच खटकलं. या तुकड्यातलं पीक इतकं हिरवं असायलाच नको होतं.

मी खुरप्यानं माती सैल केली, एक झाड मुळासकट काढलं आणि बादलीतल्या पाण्यात खळबळून धुतलं.

“पान बघ की. मूळ काय बघूलालीस?”

फुलोऱ्यातल्या सोयाबीनच्या मुळांना ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यांएवढ्या गाठी लगडलेल्या असतात. इथं चारदोन होत्या, त्याही मोहरीएवढ्या. एक नखानं फोडली. आतून पांढरी. दुसरीही पांढरी. तिसरी हिरवट आणि पिचकी. गाठ आतून गुलाबी निघाली तर समजायचं की जीवाणू कामावर आहेत, हवेतलं नत्र ओढून झाडाला देतायत. पांढरी निघाली तर कामावर कोणी नाही. आणि कामावर कोणी नसताना वर पानं अशी तुपात न्हाल्यासारखी दिसत असतील, तर झाडाला नत्र कुठून तरी आयतं मिळालेलं असतं.

“अण्णा, इथं युरिया कोणी टाकला?”

“कुनी न्हाई.”

“कोणीतरी टाकलाय.”

“न्हाई म्हनलं ना. आपल्या रानात कोन येतंय?” असं म्हणून ते वाकले आणि गवताची एक काडी उपटायला लागले. तिथं उपटण्यासारखं गवत नव्हतं.

मी विश्वास ठेवला. आमच्या गावात बांधाचं भांडण लागलं की लोक साक्षीला हणमंतरावांना, म्हणजे आमच्या अण्णांना, बोलवतात, कारण हा माणूस सख्ख्या भावाच्या बाजूनंही खोटं बोलत नाही अशी त्यांची ख्याती. असा बाप पोटच्या पोरीशी खोटं बोलेल हे माझ्या मनातही आलं नाही.

आता माझं काम काय ते सांगायलाच हवं, नाहीतर एवढ्याशा युरियासाठी ही बाई का थयथयाट करते असं वाटायचं. मी अहमदपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मानधन, सुट्टी लागली की उपास. कायमची जागा हवी तर पीएच.डी. हवी, आणि ती मी नांदेडला अमरनाथ सरांच्या हाताखाली करत होते. लग्न, संसार वगैरे प्रश्न लोकांनी आताशा विचारायचे सोडून दिलेत. “झाली का पीएच.डी.?” एवढंच विचारतात, आणि तेही दुखणं बरं झालं का असं विचारल्यासारखं.

माझा विषय जीवाणूंच्या पोटातली प्रथिनं. हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. काही जीवाणूंना येतं. काम मोठं जड. जीवाणूची सगळी ताकद त्यात खर्च होते, म्हणून तो ते उगाच करत नाही. त्याच्या आत नत्राचा अंदाज घेणारं एक प्रथिन असतं. आजूबाजूला आयतं नत्र असलं की ते दुसऱ्या एका प्रथिनाला अडवून धरतं, आणि त्या दुसऱ्यानं हुकूम सोडल्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. नत्र संपत आलं की पहिलं बाजूला सरतं, दुसरं हुकूम सोडतं आणि सगळा कारखाना चालू होतो. झाडही तितकंच चलाख. जमिनीत युरिया पडला की ते मुळांवर गाठी धरायला टाळाटाळ करतं. फुकटचं मिळतंय तर कोण कष्ट करणार?

हे सगळं मी एकदा अण्णांना शेंगा फोडता फोडता सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी मुकादम.”

“कोण?”

“तुझं ते पैलं प्रोटीन. ऊसतोडीचा मुकादम बी असाच. टोळीच्या घरात दाणे हायत तवर कोयता हलत न्हाई, त्येला मालूम असतं. दाणे संपले की बराबर गाडी भरतो.”

तेव्हापासून त्या प्रथिनाचं नाव आमच्या घरात मुकादम. पारावर बसून अण्णा लोकांना सांगायचे, माझी लेक जीवाणूच्या मुकादमावर शिकूलालीय. ऐकणाऱ्यांना काही कळत नसे, पण हणमंतराव सांगतायत म्हणजे खरंच असेल, असं म्हणून ते माना डोलवत.

आमच्याच रानातल्या मातीतून मी एक जीवाणू वेगळा काढला होता. त्याचा मुकादम जरा सैल होता. जमिनीत थोडं नत्र शिल्लक असतानाही तो इतरांच्या आधी कामाला लागायचा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत त्यानं हे करून दाखवलं होतं, रानात दाखवायचं होतं. त्यासाठी अण्णांनी विहिरीजवळचा हा तुकडा दिला. यात युरियाचा एक दाणा पडता कामा नये, हीच त्याची पहिली आणि शेवटची अट. आधीचे दोन हंगाम नीट पार पडले होते. हा शेवटचा. हा साधला की प्रबंध पूर्ण, आणि आमच्या कॉलेजात निघणाऱ्या जागेसाठी मी अर्ज करायला मोकळी. सगळं या तुकड्यावर येऊन टेकलेलं होतं आणि अण्णांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पेरणीच्या वेळी बियाण्याला जीवाणू चोळायचे ते गुळाच्या पाण्यात कालवून. हे काम अण्णा कोणाला करू देत नसत. लिंबाखाली मायचं जुनं लुगडं अंथरून, चपला दूर काढून, बी असं हलक्या हातानं खालीवर करायचे की तान्ह्या लेकराला तेल लावतायत. ऊन लागू नये म्हणून सावली सरकली की लुगडंही सरकवायचे. “आपल्याच मातीचे हायत,” असं म्हणायचे, “आपल्याला फशीवनार न्हाईत.”

त्या जीवाणूंनी फसवलं नाही, हेही खरंच.

मला संशय आला बजरंगचा. माझा धाकटा भाऊ. त्याला त्या तुकड्यात हळद लावायची होती आणि ‘ताईचं कॉलेज’ म्हणून तो त्या रानाची टिंगल करायचा. मी तशीच चिखलाच्या पायांनी घरी आले. तो ओसरीवर फवारणीचा पंप उघडून बसला होता.

“तूच टाकलास ना?”

“काय?”

“युरिया. माझ्या तुकड्यात.”

बजरंगनं पाना खाली ठेवला. “मला काय याड लागलंय का गं? दुकानात रांगा लावून बी युरिया भेटंना, माझंच रान खताबिगर पडलंय, आन तुझ्या रानात नेऊन वतू?”

“हळदीसाठी. प्रयोग बिघडला की रान मोकळं.”

“ऐक, ताई. मला ते रान पायजेल असतं तर तुझ्या तोंडावर भांडलो असतो. भांडत न्हाई का मी? लपून करायची माझी जात न्हाई.” त्याचा चेहरा लाल झाला होता. मग एकदम आवाज उतरवून, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, “अण्णालाच इचार की.”

“अण्णांना विचारलं. ते नाही म्हणाले.”

आत माय तूर निवडत बसली होती. सूप आपटल्याचा आवाज आला. “किती दिवस झाकून ठेवावं मानसानं?” ती बाहेर येत म्हणाली. “पुनमे, त्यानंच टाकला. तुझ्या बापानं. मी म्हनलं व्हतं, पोरीला इचारल्याबिगर हात लावू नका. बायकूचं कोन ऐकतंय?”

“अण्णांनी?”

“तुझ्या सराचा फोन आलता.”

मायला फोनमधलं काही कळत नाही, पण आमच्याकडं फोनवर बोलायचं म्हणजे तो तोंडासमोर आडवा धरायचा आणि आवाज मोठा करून ठेवायचा. सगळ्या घरानं ऐकायचा असतो तो. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘हणमंतराव, आपला जीवाणू घेऊ बघणाऱ्या कंपनीचे पाहुणे पीक बघायला येणार आहेत. पुनमनं पाठवलेले फोटो मी बघितले, पीक फार पिवळं दिसतंय. असं दाखवून चालणार नाही. थोडा युरिया देऊन टाका. पुनमला बोलू नका, ती हट्टी आहे, उगाच घाबरेल. तिच्याच भल्यासाठी सांगतोय.’

ते फोटो मीच पाठवले होते. पेरणीनंतर काही दिवसांनी सोयाबीन पिवळसर पडतं. बियाण्यातली शिदोरी संपलेली असते आणि गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात. तेवढी कळ काढायची. मुकादम जागचा हलायचा तो याच वेळी. मी अण्णांना दर वर्षी बजावायचे, पिवळं पडलं तर पडू द्या, भूक लागल्याशिवाय ते उठत नाहीत. यंदा परीक्षांच्या कामात अडकल्यामुळं मला लवकर येता आलं नव्हतं. बजरंगकडून फोटो मागवले, पिवळेपणा बघून हरखले आणि सरांना पाठवून दिले. खाली लिहिलं, ‘सर, भूक लागली, आता सुरू होईल.’ कुंपणच शेत खातं म्हणतात. मी तर कुंपणाला नकाशा काढून दिला होता.

अण्णा आले तेव्हा आम्ही तिघंही ओसरीवरच होतो. त्यांना दारातच समजलं. पायावर पाणी घेतलं, पुन्हा घेतलं, मग पायरीवर बसले.

“तुम्ही मला नाही म्हणालात,” मी म्हणाले.

“सर म्हनले, बोलू नका.”

“आणि मी काय म्हणाले होते?”

“तू म्हनलीस ते बी ध्यानात हाय. पन ते तुझे सर हायत, बाई. तूच म्हनतीस, सर म्हंजी माझा देव. दर साली हुरडा म्हनू नको, तुरीची दाळ म्हनू नको, तूच पाठवायला लावतीस. आता देवानं सांगितल्यावर मी कोन न्हाई म्हननार?”

देव म्हणणारी मीच, म्हणून मी आणखी चिडले. “देवानं सांगितलं म्हणून टाकलात? खरं सांगा.”

ते पायाच्या अंगठ्यानं पायरी कोरत राहिले. “पिवळं बघवंना मला,” शेवटी म्हणाले. “रोज सकाळी जायाचो आन माघारी यायचो. किशनराव बांधावर हुभं राहून हसायचा. म्हनायचा, लेकीच्या शिक्षनानं बापाचं रान बसवलं. जल्मभर पीक पिवळं पडलं की खत टाकलं, हात तसाच वळलाय. मी सोताला लई आवरलं, बाई. आन मंग सरांचाच फोन आला. मला वाटलं, सुटलो.”

सरांचा राग सोपा होता. त्यांनी केसानं गळा कापला, आणि गळा कापणाऱ्याला शिव्या देता येतात. अण्णांचं काय करायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. मला त्यांच्या मिठीत शिरून रडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्यांचं तोंडही बघू नये असं वाटत होतं. युरियाचं एक वेळ मी पोटात घातलं असतं. पण सकाळी रानात, मी हातात मूळ धरून विचारत असताना, ते माझ्या डोळ्यांदेखत ‘न्हाई’ म्हणाले होते. अख्ख्या गावाला खरं सांगणारा माणूस माझ्या वाटणीला खोटं घेऊन आला, हे मला सहन होत नव्हतं.

मी सरांना फोन लावला. घराबाहेर जाऊन, आवाज लहान ठेवून.

“अगं, एवढं काय त्यात?” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. या आवाजावर मी इतकी वर्षं काढली. “पाहुणे पानं बघतात, पुनम. मुळं कोण बघतं?”

“सर, पण या हंगामाचे आकडे?”

“मागच्या दोन हंगामांचे आहेत ना? त्याच वळणावर बसवू. तू नको काळजी करू.”

“म्हणजे खोटे?”

“शब्द जपून वापरावेत.” आवाज तसाच मऊ. “कंपनीनं आपला जीवाणू घेतला तर तुझंही नाव होईल. तुमच्या कॉलेजात जागा निघतेय, तिथले लोक मला विचारून करतात, माहीत आहे ना तुला? उद्या छान साडी नेस, हसत उभी राहा. बोलायचं काम माझं.”

त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं होतं की जीवाणू खोटं बोलू शकत नाही, त्याला जसं ठेवाल तसंच तो वागतो. फळ्यावर दोन प्रथिनं काढून, मधे बाण दाखवून, डोळे मिटून ते शिकवायचे तेव्हा मला वाटायचं की या माणसानं सांगितलं तर आपण विहिरीत उडी मारू. कशी मूर्ख होते मी, आणि किती सुखात होते!

दुसऱ्या दिवशी गाडी आली. सर पुढं, मागं कंपनीचे दोन साहेब आणि एक वयस्क बाई, पुण्याच्या. साहेब लोकांनी बांधावरूनच फोटो काढायला सुरुवात केली. “वा, युरियाशिवाय हे?” एकानं विचारलं. सर हसले, “तेच तर काम आहे आमचं.” अण्णा धुतलेला शर्ट घालून विहिरीच्या कठड्याजवळ उभे होते. किशनरावही आपल्या बांधावर हजर. गावात गाडी आली आणि किशनराव नाहीत असं होत नाही.

मी साधीच साडी नेसले होते आणि हसत नव्हते.

बाई मात्र पिकात उतरल्या. चप्पल काढून, पदर खोचून. “एक झाड काढून बघू या का?” म्हणाल्या.

“चिखल आहे मॅडम, कशाला त्रास?” सर लगेच म्हणाले. “गाठींचे फोटो अहवालात दिलेत आपण.”

ते फोटो मागच्या वर्षीचे होते. मी खाली वाकले आणि एक झाड उपटलं. सरांनी “पुनम” अशी हळूच हाक मारली, मी दुसरंही उपटलं. दोन्हींची मुळं बादलीत धुतली आणि बाईंच्या हातात दिली.

बाईंनी गाठ फोडून बघितली. मुळं उलटसुलट केली. जाणत्या होत्या, फार वेळ लागला नाही. “इथं युरिया पडलाय,” त्या म्हणाल्या.

सरांनी अण्णांकडं बघितलं. नुसतं बघितलं. शपथेवर सांगते, त्या नजरेत विनंतीसुद्धा नव्हती. नोकराकडं पाणी मागावं तशी नजर होती ती.

“मी टाकला, साहेब,” अण्णा पुढं येत म्हणाले. टोपी हातात घेतली होती. “पोरीची चूक न्हाई. तिला मालूम बी नव्हतं.”

सरांनी एक लांब उसासा सोडला आणि पाहुण्यांकडं वळून दोन्ही हात पसरले. “बघितलंत? कितीही शिकवा. मातीशी गाठ आहे आमची, आणि अशा माणसांशी. हिरवं दिसलं की झालं यांचं समाधान.” एक साहेब हसला. दुसराही हसला. बांधावर किशनरावही हसले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी.

आधी मला वाटलं होतं की काल घडलं ते सगळ्यांत वाईट, तोच तळ. त्याच्याखाली आणखी एक तळ होता. ज्यांना अण्णांनी हुरडा पोचवला, ज्यांचं ऐकून पोरीचा शब्द मोडला, त्यांनी त्यांना परक्या लोकांपुढं अडाणी ठरवून हसायला दिलं होतं.

“अण्णा,” मी मोठ्यानं म्हणाले, “फोन कोणाचा आला होता ते सांगा.”

बाईंनी माझ्याकडं आणि मग अण्णांकडं बघितलं.

“सांगा ना अण्णा. घाबरू नका.”

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली. त्यांनी सरांकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघितलं. माझ्या जागेचा अर्ज, माझा प्रबंध, त्यावर लागणारी सरांची सही, सगळं त्या बघण्यात होतं.

“कुनाचा न्हाई,” ते म्हणाले. “माझंच डोस्कं.”

माझ्या बापानं दोन दिवसांत दुसऱ्यांदा खोटं सांगितलं, आणि या वेळी सगळ्या पंचांसमोर. मी खरं बोलले असते तर ते खोटे ठरले असते, किशनरावांदेखत.

गाडीत बसण्याआधी सर मला बाजूला घेऊन गेले. “वडिलांनी सांभाळून घेतलं,” ते म्हणाले. “चांगला माणूस. पुढच्या हंगामात परत लावू. मी सांगतो कंपनीच्या लोकांना.”

“पुढचा हंगाम मी लावीन,” मी म्हणाले. “पण तुमच्याकडं नाही.”

“पुनम, डोकं शांत झालं की बोलू. मधेच मार्गदर्शक बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि तुझ्या जागेचं काय?”

“जागा जाईल, सर.”

हे वाक्य मी फार धीरानं म्हणाले असं नाही. डोळे भरून आले होते आणि नाकही वाहत होतं. त्यांनी मान हलवली, लहान मुलाकडं बघून हलवावी तशी, आणि ते गाडीत बसले. बाईंनी मात्र काच खाली करून अण्णांना नमस्कार केला. तो अण्णांनी बघितला की नाही, मला माहीत नाही.

गाडी गेली. किशनरावांनी बांधावरून विचारलं, “काय झालं हो हणमंतराव? पीक पसंत पडलं का?” अण्णा ऐकायला थांबले नव्हते. ते तुकड्याच्या पार टोकाला, किशनरावांच्या बाजूला जाऊन वाकले होते. बजरंग मला घरी चल म्हणत होता. मी गेले नाही. मला अण्णांशी बोलायचं नव्हतं आणि त्यांना एकटं सोडायचंही नव्हतं, म्हणून मी कठड्यावर बसून राहिले.

थोड्या वेळानं ते आले. हातात एक झाड होतं, मुळासकट धुतलेलं. इतरांपेक्षा खुजं, पानं जरा फिकी. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं.

मुळांना गाठी लगडल्या होत्या. मी एक फोडली. आतून गुलाबी, जिभेसारखी.

“बांधाकडंची शेवटची ओळ,” अण्णा म्हणाले. “टाकत टाकत तिथवर गेलो आन हात हालंना. पोरीनं न्हाई म्हनलं व्हतं, असं आलं डोक्यात. तेवढी एक ओळ सोडली.” मग म्हणाले, “तेवढ्या ओळीवर काय होत न्हाई का गं, बाई?”

“नाही होत, अण्णा.”

“मुकादम बराबर हाय तिथला. टोळी समदी कामावर हाय.”

“आहे.”

“मंग?”

“एका ओळीवर नाही होत.”

त्यांनी मान हलवली. माझ्या हातातून ते झाड काढून घेतलं आणि ते पुन्हा टोकाकडं गेले. जिथून उपटलं होतं तिथं बोटांनी खड्डा मोठा केला. फोडलेल्या गाठीसकट मुळं आत ठेवली, चारी बाजूंनी माती लोटली, पायानं हलकेच दाबली. मग बादली नेऊन बुडाशी पाणी घातलं. उपटलेलं सोयाबीन पुन्हा लागत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते बराच वेळ तिथं वाकून उभे होते, झाड सरळ उभं राहावं म्हणून एका हातानं धरून.